किटली फिरली तो दिवस

आधी एक सांगून टाकते – मी सुखी बाई आहे. दहिवलीला स्वतःचं घर आहे. नवरा भला माणूस आहे. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते, मुलं मला घाबरत नाहीत आणि तरी ऐकतात. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत-बिजत सांगत नाही. आईबापाने भातात कंबर वाकवली आणि मी रात्रंदिवस खपले, त्यातून हे मिळालंय. कष्टाने मिळालंय.

म्हणजे – बरंचसं कष्टाने.

हे ‘बरंचसं’ मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. तोंडाने तर कधीच म्हटलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, देवापुढे हात जोडून उभी असतानाही नाही – तिथे मी दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल. समोर चेहरा असला की मी गोड बोलते. ती सवय माझी जुनी आहे, आणि तिच्यापासूनच हे सगळं सुरू होतं.

माझी नणंद सुनंदा. नात्याने नणंद, पण त्याच्या कितीतरी आधीपासून मैत्रीण. ओढ्याच्या अलीकडे माझं गाव, पलीकडे तिचं, आणि दोन्ही गावांना शाळा कळंबचीच. आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तिच्याच भावाशी माझं लग्न झालं. आता रीतीप्रमाणे तिला ‘वन्सं’ म्हणायला गेले की दोघींनाही हसू फुटतं. ती चारचौघांत मला ‘वैनीबाय’ म्हणते आणि दोघीच असलो की ‘वंदे’.

सुनंदाची एक गोष्ट आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. हळद असो, बारसं असो, जेवणं उरकली आणि बायका पाय पसरून बसल्या की कोणीतरी म्हणतंच, “सुनंदा, ती किटलीची सांग ना गं.” की ही पदर खोचून उभी.

“अगं काय सांगू! आमी दोघी कर्जतला चित्रकलेच्या परीक्षेला. समोर किटली ठेवलेली. वैनीबायनं किटली काढली नि मास्तरीण झाली. आन मी? माझी किटलीच फिरली! तोटी या अंगाला काढली, मान वर करून बघते तर तोटी भलतीकडंच! मला वाटलं चक्कर आली. तवाच ठरवलं, आपल्या डोळ्यांचा काय भरोसा नाय.” मग ती डोळे तिरळे करून दाखवते. बायका हसून हसून लोळतात. कोणी म्हणतं, “चहा द्या गं हिला, पण किटलीतला नको!” आणि मी – मीसुद्धा हसते. कधीकधी सगळ्यांत मोठ्याने.

इतकी वर्षं हसतेय.

परीक्षा काय होती ते सांगायला हवं. शाळेत चित्रकलेच्या दोन सरकारी परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. सक्तीच्या नाहीत. ज्याला हौस त्याने बसायचं. पुढे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करायचा तर इंटरमिजिएट हवीच, असं आमच्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं. आमच्या वर्गातून बसायला तयार झालेल्या मुली दोनच – सुनंदा आणि मी. बाकीच्या म्हणाल्या, दोन दिवस बसून वांगी काढायची त्यापेक्षा घरी वांगी निवडू.

माझ्या बाबांनी एकच विचारलं होतं, “परीक्षा सरकारी हाय ना? शिक्का मिळंल ना? मग बस.” शिक्क्यावर त्यांचा फार जीव. सुनंदाच्या वडिलांचं तसं नव्हतं. ते भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते, माणूस शिस्तीचा. त्यांनी हिशेबात सांगितलं होतं, “इंटरमिजिएटला एकदा बस. ग्रेड मिळाली तर पुढं शिकवीन, शब्द देतो. नाय मिळाली तर दहावीनंतर शिवणक्लास. पुन्हा पुन्हा चालणार नाय.” सुनंदाने हे मला शाळेतून घरी येताना ओढ्याच्या दगडावर बसून सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. तिला एकच संधी आहे हे मला माहीत होतं – हे लक्षात ठेवा, कारण मी स्वतः ते बरीच वर्षं विसरल्यासारखं केलं.

एलिमेंटरीला तिला ‘ए’ मिळाली होती. मला ‘सी’. मी रडले नाही. तिचं तोंडभरून कौतुक केलं.

इंटरमिजिएटच्या वर्षी मी हट्टाला पेटले. पण माझी शिकण्याची रीत एकच होती – पाठ करायचं. इतिहास पाठ, विज्ञान पाठ, मग चित्र का नाही? कळंबच्या नाक्यावरच्या चहावाल्याची जुनी किटली मागून आणली, ओट्यावर ठेवली आणि तिची एक बाजू पाठ केली. तोटी उजवीकडे, कडी वर, पोट गोल, झाकणाचा गोटा. डोळे मिटून काढता येईल इतकी. सर सांगायचे, “दिसतं ते काढा, माहीत असतं ते काढू नका.” सुनंदाला ते कळायचं. मी मान डोलवायचे आणि माहीत असलेली किटली काढायचे.

परीक्षेचं केंद्र कर्जतला एका मोठ्या शाळेत होतं. पहिलाच पेपर स्थिरचित्राचा. वर्गाच्या मधोमध एक टेबल, त्यावर निळं कापड, कापडावर ॲल्युमिनियमची किटली, दोन वांगी आणि एक बोळकं. भोवती गोल करून आम्ही मुलं जमिनीवर, मांडीवर बोर्ड. नंबर जिथे, तिथेच बसायचं. तिथून जे दिसेल ते काढायचं. जागा बदलून मिळत नाही, वस्तूला हात लावायचा नाही. नियम एवढाच.

आणि माझ्या नंबरावरून किटलीची तोटी सरळ माझ्याकडे बघत होती. तोटी कसली – एक काळं भोक आणि त्याच्यामागे पोट. बाजू नाही, वळण नाही, काहीच नाही. मी पाठ केलेली किटली तिथे नव्हतीच. ती दिसत होती सुनंदाला. तिचा नंबर माझ्यापासून काटकोनात होता, तिच्यापुढे किटली आडवी, ऐटीत, तोटी एका अंगाला. काढलं, खोडलं, काढलं, खोडलं. पेपराचा बराच वेळ गेला आणि माझ्या कागदावर खोडरबराचा चुरा तेवढा.

रंगांसाठी पाणी कोपऱ्यातल्या बादलीत होतं. ज्याचं पाणी गढूळ होईल त्याने उठून बदलायचं. मी उठले. माझं पाणी गढूळ नव्हतं, मी अजून ब्रश भिजवलाच नव्हता. पण उठले. पर्यवेक्षक दारात शिपायाशी बोलत होते, पाठ आमच्याकडे. येताना मी टेबलाला खेटून आले. मुलांच्या माना कागदावर होत्या.

दोन बोटं लावली. किटली फिरवली. कापडामुळे आवाज झाला नाही.

झालं. लिहून झालं. एवढंसं वाक्य आहे बघा – आणि मी त्याच्याभोवती अर्धं आयुष्य फिरत होते.

मी जागेवर बसले तेव्हा माझ्यासमोर माझी पाठ केलेली किटली होती. मी भराभर काढू लागले. एक मुलगा म्हणाला, “सर, किटली हालली काय?” पर्यवेक्षक वळले, टेबलाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “किटली हालत नसते, तुझी मान हालली असेल. समोर बघ नि काढ.” सगळे हसले. त्याने खोडरबर उचललं. बाकीच्यांची अजून पेन्सिलच चालली होती, त्यांनी खोडून दुरुस्त करून घेतलं. पेन्सिल खोडता येते. पण एकीने रंग सुरू केला होता. तिचा हात सगळ्यांत भरभर चालायचा, हाच तिचा गुन्हा.

सुनंदाने मान वर केली. कागद बघितला. पुन्हा वर बघितलं. मग तिने ओल्या फडक्याने रंग पुसायला घेतला. पाण्याचा रंग तो, पुसून जातो होय? कागदाचा लगदा झाला. त्यावर ती पुन्हा काढत राहिली आणि घंटा झाली.

तुम्ही म्हणाल, घाबरलेली पोरगी, वेडं वय, हातून झालं. मीही मला असंच समजावायचे. तोटी माझ्याकडे होती, मी माझ्यापुरतं बघितलं, दुसऱ्याचं काय होईल ते सुचलंच नाही – अशी ही गोष्ट मी माझ्या मनात कितीतरी वेळा सांगितली आहे. चांगली गोष्ट आहे. तिच्यात मी फक्त भित्री ठरते.

पण त्यानंतरचं काय करू?

पेपर झाल्यावर आम्ही शाळेच्या आवारात बदामाच्या झाडाखाली डबा खायला बसलो. तिच्या डब्यात सुकटीची चटणी होती, मला आवडते म्हणून तिच्या आईने जास्तीची दिलेली. सुनंदा खात नव्हती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “वंदे, खरं सांग. किटली हालली होती ना गं?”

तिला दुसरं काही नको होतं. तक्रार करायची नव्हती, सरांकडे जायचं नव्हतं. तिला फक्त एका माणसाने ‘हो’ म्हणायला हवं होतं. कोणी हालवली ते सांगायचीही गरज नव्हती. ‘हो गं, मलापण वाटलं’ – एवढं म्हटलं असतं तरी पोरगी उभी राहिली असती. दुसऱ्या दिवशीचे पेपर तिने झटक्यात काढले असते.

मी तिची चटणी भाकरीला लावत म्हटलं, “नाय गं. पहिल्यापासून तशीच तर होती.”

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मग – हे मला विसरता येत नाही – तिने मान हलवली. तिला पटलं. तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. मैत्रीण होते ना मी तिची.

पुढचे पेपर तिने हात आखडून काढले. एकेक रेघ मारायची आणि माझ्याकडे बघायची, बरोबर आहे ना म्हणून. निकाल लागला तेव्हा मला ‘बी’ होती आणि तिच्या नावापुढे काही नव्हतं. तिच्या वडिलांनी शब्द पाळला, ग्रेड मिळाली असती तरी पाळला असता तसाच. दहावीनंतर शिवणक्लास. मी डिप्लोमाला गेले, नोकरी लागली, नोकरी करता करता बी.ए. केलं. माझ्या बाबांनी शिक्क्याचे सगळे कागद काचेत बसवून भिंतीला लावले.

थांबा. अजून एक राहिलं. ते वगळून पुढे जावं असं आत्ताही वाटतंय, म्हणूनच लिहिते.

बादलीकडे जाताना माझी वाट सुनंदाच्या मागून होती. मी तिच्या खांद्यावरून तिचा कागद बघितला होता. किटली उतरली होती कागदावर, अगदी उचलून चहा ओतावा अशी. तिच्या पोटावरची चमक सुनंदाने रंगवलीच नव्हती. तेवढा कागद कोरा सोडला होता, आणि तो कोरा कागदच चमकत होता. सरांनी हे आम्हाला किती वेळा सांगितलं होतं! मला कधी जमलं नव्हतं. मी बादलीपाशी गेले, पाणी घेतलं, आणि येताना बोटं लावली. तोटी माझ्याकडे होती म्हणून? तेही होतं. पण तिचा रंग लागला आहे, आता तिला खोडता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. बघूनच आले होते मी.

भित्री नव्हते मी. मला तिचं चित्र सहन झालं नाही.

सुनंदा दुःखात बुडाली, असं काही झालं नाही. हे मी मला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, खरंच तसं आहे. कर्जतच्या बाजारात तिचं दुकान आहे, लग्नसराईत तिच्याकडे ब्लाऊज टाकायला बायका महिना महिना आधी येतात. नवरा साधा आहे. घरात हसणं आहे. आम्ही दोघी अजून सुकटीची चटणी एका ताटात खातो. फक्त ती कापड कापायच्या आधी माप दोनदा घेते. कधी तिसऱ्यांदाही. बायका म्हणतात, काय चोख काम! ती टेप गळ्यात टाकत म्हणते, “डोळ्यावर भरोसा नाय आपला, टेपवर हाय.” मी तिथे स्टुलावर बसलेली असते.

शाळेत मी वस्तूंची मांडणी करते तेव्हा प्रत्येक वस्तूभोवती खडूने खूण करून ठेवते. मुलांना वाटतं मॅडम शिस्तीच्या आहेत. तांब्या ठेवते, बोळकं ठेवते, किटली ठेवत नाही. याला पश्चात्ताप म्हणू नका. यात माझं काही जात नाही.

गेल्या वर्षी सुनंदाची मुलगी तन्वी नववीत गेली. एलिमेंटरी तिने आठवीत शाळेतल्या बाईंच्या आग्रहाने दिली होती, आईला न विचारता. आता इंटरमिजिएटचा विषय निघाला आणि सुनंदा आडवी आली. पोरगी माझ्याकडे येऊन रडली, “मामी, तू आईला सांग ना. ती तुझं ऐकते.”

ती माझं ऐकते. हो.

मी दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, मशीन बंद. सुनंदा बॉबिन भरत होती. म्हणाली, “नको वंदे. तिचे डोळे माझ्यावर गेले असतील तर? मी डोळ्यांदेखत चुकले तशी ती चुकंल. भरल्या वर्गात हसं व्हायचं पोरीचं. मला म्हाईत हाय ते कसं असतं.”

याहून सोपी वेळ मला पुन्हा कधी मिळणार होती? आम्ही दोघीच. तिने स्वतःहून तिथवर आणून सोडलेलं. आणि आता एकटा तिचा प्रश्न राहिला नव्हता. मी केलेलं ती मुलीच्या अंगावर पांघरत होती – माझ्या खोट्याला तिने रक्तातला दोष समजून जपून ठेवलं होतं. शब्द माझ्या दातांपर्यंत आले. मग मी म्हटलं,

“दहावीला वाढीव गुण मिळतात गं. टक्केवारीत फरक पडतो.”

सुनंदाने बॉबिन खाली ठेवली. “गुण मिळतात? मग बसव बाई. पण तिचं तूच बघ.”

असं मी ते मिटवलं. पोरीचं काम झालं, आईचा मान राहिला, माझं झाकलेलं झाकलेलं राहिलं. सगळ्यांचं भलं. घरी येताना मी वडापाव घेतला, नवऱ्याला हौसेने खाऊ घातला. मला समाधान वाटत होतं – हेसुद्धा खरं आहे आणि हेसुद्धा लिहायला हवं.

तन्वी रविवारी माझ्याकडे यायची. मी तिला काय शिकवलं? कागद कसा ताणायचा, ब्रश कसा धुवायचा. बाकी मी शिकवावं असं फार नव्हतं. ती आधी नुसती बघत बसायची. बराच वेळ. मग काढायची, आणि काढताना माझ्याकडे वळून बघायची नाही.

तिला ‘ए’ मिळाली.

त्या दिवशी सुनंदाने दुकानात पेढे वाटले. आलेल्या गेलेल्या प्रत्येक बाईला सांगत होती, “तन्वी मामीवर गेली हो! आमच्याकडं कुठं होतं असलं? सगळं वैनीबायचं घेतलंय पोरीनं.” तिचा चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. बायका माझ्याकडे वळून म्हणाल्या, खरंच हो, मामीवरच गेली. सुनंदाने एक अख्खा पेढा माझ्या तोंडात घातला. मी तो खाल्ला. मान हलवली. हसले.

माझं छापून आलेलं सगळं सुनंदा वाचते. दुपारी मशीन बंद असते तेव्हा, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. हेही वाचेल. मी ते तिच्यापासून लपवणार नाही आणि वाचताना तिच्यासमोर जाऊन बसणारही नाही. पुढे ती मला काय म्हणून हाक मारेल ते तिचं.

पण त्या दिवशी दुकानात जे बोलायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते. मामीच्या रक्ताचा एक थेंबही तन्वीत नाही. मामी लग्न करून या घरात आलेली बाई. त्या वर्गात आम्ही जेवढी मुलं बसलो होतो, त्यांत बघता येत होतं ते एकीलाच. पोरगी तिच्यावर गेली आहे. आईवर.